स्नूपिंग चालू केलं की पत्ते मिळणं बंद: ऑप्शन ८२ आणि शून्य जीआयअ‍ॅडर

तक्रार दर वेळी त्याच शब्दांत येते. "सर, केबल लावलीय, दिवा लागतोय, पण नेट नाही." लॅपटॉप उघडून पाहावं तर पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा. म्हणजे यंत्राने डीएचसीपीकडे, म्हणजे नेटवर्कावर आयपी पत्ते वाटणाऱ्या व्यवस्थेकडे, पत्ता मागितला, कुणीच उत्तर दिलं नाही, आणि शेवटी त्याने आपला आपणच एक पत्ता लावून घेतला. शेजारच्या खोलीतल्या मुलाचं मात्र झकास चालू असतं, त्यामुळे पहिला संशय केबलवर जातो. केबल बदलून काही होत नाही.

मी एका वसतिगृहाचं नेटवर्क सांभाळतो. मजल्यागणिक एक सिस्को कॅटॅलिस्ट स्विच, सगळ्यांच्या वर एक सिस्को राउटर, आणि पत्ते वाटायचं कामही त्याच राउटरकडे. हा बिघाड माझ्याकडे दीड वर्षात तीनदा आला. पहिल्या दोन वेळा मी तो 'दुरुस्त' केला, म्हणूनच तिसऱ्यांदा आला. तुमच्याकडे राउटर वेगळा असेल, मजले कमीजास्त असतील, पण स्नूपिंग, म्हणजे भलत्यांनी पत्ते वाटू नयेत म्हणून स्विचने ठेवायचा पहारा, चालू करताच पत्ते बंद होत असतील तर बहुतेक हीच भानगड आहे.

आधी स्नूपिंग का लावलं ते सांगतो, कारण ते काढून टाकणं हा उपाय नाही. एका मुलाने घरून वायफाय राउटर आणला आणि भिंतीतली केबल त्याच्या वॅन (इंटरनेटकडच्या) पोर्टऐवजी लॅन (घरातल्या यंत्रांसाठीच्या) पोर्टात खुपसली. त्या डबीतही डीएचसीपी सर्व्हर असतोच. मजल्यावर जो कुणी पत्ता मागेल त्याला आमच्या राउटरच्या आधी ती डबी उत्तर द्यायला लागली, आणि अर्धा मजला १९२.१६८.० च्या पत्त्यांवर जाऊन बसला. यावर डीएचसीपी स्नूपिंग हाच खरा इलाज आहे. स्विचला सांगायचं की पत्ते देणारी उत्तरं फक्त वरच्या राउटरकडच्या पोर्टातून येऊ देत, खोल्यांच्या पोर्टातून आली तर फेकून दे. ओळी तीनच: 'आयपी डीएचसीपी स्नूपिंग', 'आयपी डीएचसीपी स्नूपिंग व्हीलॅन २०' (व्हीलॅन म्हणजे स्विचमध्ये पाडलेला नेटवर्काचा स्वतंत्र कप्पा), आणि अपलिंकवर, म्हणजे राउटरकडे जाणाऱ्या पोर्टावर, 'आयपी डीएचसीपी स्नूपिंग ट्रस्ट'. रात्री नऊला टाकल्या, माझा लॅपटॉप चालला, घरी गेलो.

लॅपटॉप चालला याचा अर्थ काहीच नव्हता. त्याच्याकडे दुपारची लीज, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी मिळालेला पत्ता, शिल्लक होती. सिस्कोच्या राउटरवर काही सांगितलं नाही तर लीज एक दिवसाची असते, आणि हातात लीज असताना सर्व्हरने उत्तर दिलं नाही तरी यंत्र मुदत संपेपर्यंत जुना पत्ता वापरू शकतं. त्यामुळे बिघाड झाल्या क्षणी कुणालाच कळत नाही. दुसऱ्या दिवशी गावाहून परतलेला एक, नवा लॅपटॉप घेतलेला दुसरा, अशा तक्रारी ठिबकत येतात, आणि तोवर रात्री नऊला आपण काय बदललं होतं ते डोक्यातून गेलेलं असतं. विंडोज सर्व्हर असेल तर आणखी पंचाईत, कारण तिथे लीज मुळात आठ दिवसांची. तेव्हा बदलानंतरची चाचणी नेहमी अशा यंत्रावर करा ज्याने या नेटवर्कवर कधीच पत्ता घेतलेला नाही, किंवा निदान लीज हाताने सोडून देऊन पुन्हा मागा.

मी स्नूपिंग बंद केलं, सगळं सुरळीत झालं, आणि 'या स्विचचं स्नूपिंग बरोबर नाही' असा शेरा मनात मारून मोकळा झालो. ही पहिली दुरुस्ती. पुढच्या सत्रात दुसरा मुलगा दुसरी डबी घेऊन आला, म्हणून स्नूपिंग पुन्हा चालू केलं आणि पत्ते पुन्हा बंद.

आता शोध कसा घ्यायचा ते. लॅपटॉपला हाताने पत्ता द्या आणि राउटरला पिंग करा. उत्तर आलं तर केबल, पोर्ट, व्हीलॅन सगळं ठीक आहे आणि भांडण फक्त डीएचसीपीचं आहे. मग अपलिंकवर ट्रस्टची ओळ आहे का ते पाहा. ती विसरण्याची चूक इतकी सर्रास होते की आधी तिचीच शंका घ्यावी. दोन बिघाडांतला फरक राउटरवर दिसतो. ट्रस्ट विसरला असाल तर विनंती राउटरपर्यंत पोचते, राउटर ऑफर, म्हणजे पत्ता देऊ करणारं उत्तर, पाठवतो, पुन्हा विनंती येते, पुन्हा ऑफर जाते, आणि स्विच प्रत्येक ऑफर गिळतो. माझ्याकडे एकही ऑफर निघत नव्हती. शेवटी गर्दी नसताना, दुपारच्या जेवणाच्या वेळी, राउटरवर 'डीबग आयपी डीएचसीपी सर्व्हर पॅकेट' लावलं आणि एका यंत्राला पत्ता मागायला लावला. दोन ओळी आल्या: 'इनकन्सिस्टंट रिले इन्फर्मेशन', आणि तिच्याखाली 'रिले इन्फर्मेशन ऑप्शन एक्झिस्ट्स, बट जीआयअ‍ॅडर इज झीरो'.

सगळं गुपित त्या दुसऱ्या ओळीत आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबू.

पत्ता मागणाऱ्या यंत्राला सर्व्हर कुठे आहे ते ठाऊक नसतं, म्हणून ते ब्रॉडकास्ट करतं, आणि ब्रॉडकास्ट आपल्या व्हीलॅनच्या बाहेर जात नाही. सर्व्हर दुसरीकडे असेल तर मध्ये एक रिले लागतो. तो विनंती उचलतो, तिच्यातल्या जीआयअ‍ॅडर नावाच्या रकान्यात स्वतःचा आयपी पत्ता लिहितो आणि सर्व्हरकडे धाडतो. त्या पत्त्यावरून सर्व्हरला कळतं की मागणारा कोणत्या नेटवर्कात बसलाय आणि उत्तर कुणाकडे पाठवायचं. एवढ्यावर बरीच वर्षं काम भागत होतं. पण केबल आणि डीएसएलवर इंटरनेट देणाऱ्यांना नेटवर्क कळून पुरेना. त्यांना नेमकी कोणत्या ग्राहकाची तार तेही हवं होतं, आणि ते ग्राहकाच्या यंत्राला विचारून चालणार नव्हतं, कारण यंत्र काहीही सांगेल. म्हणून जानेवारी २००१ मध्ये आरएफसी ३०४६ आली (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारा दस्तऐवज). मोटोरोलाच्या मायकेल पॅट्रिक यांनी लिहिलेली. तिने ठरवलं की रिलेने विनंतीच्या शेवटी एक चिठ्ठी जोडायची, तीच ऑप्शन ८२. चिठ्ठीत मुख्य नोंदी दोन: सर्किट आयडी, म्हणजे विनंती कोणत्या तारेवरून आली, आणि रिमोट आयडी, म्हणजे त्या तारेच्या टोकाशी कोण आहे. ही चिठ्ठी ओळखणारा सर्व्हर उत्तरात ती चिठ्ठी जशीच्या तशी परत पाठवतो आणि रिले ती काढून घेऊन उरलेलं उत्तर यंत्राला देतो. यंत्राला चिठ्ठीचा पत्ताच लागत नाही.

कॅटॅलिस्टवर स्नूपिंग चालू केलं की स्विचही ही चिठ्ठी जोडायला लागतो. वायरशार्क या तारेवरची पाकिटं दाखवणाऱ्या प्रोग्रामने मी पकडलेल्या विनंतीत ती अशी होती, आकडे सोळाच्या पायावरचे: ५२ १२ ०१ ०६ ०० ०४ ०० १४ ०१ ०५ ०२ ०८ ०० ०६ आणि पुढे सहा बाइट. ५२ म्हणजे आपल्या मोजणीत ८२. १२ म्हणजे पुढे अठरा बाइट आहेत. ०१ ही सर्किट आयडी, तिच्यात ०० १४ म्हणजे व्हीलॅन २०, मग मॉड्यूल एक आणि पोर्ट पाच. ०२ ही रिमोट आयडी, आणि शेवटचे सहा बाइट हा खुद्द स्विचचा मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा स्वतःचा हार्डवेअर क्रमांक. सिस्कोने 'तारेच्या टोकाशी कोण' याच्या जागी 'चिठ्ठी जोडणारा कोण' लिहायचं ठरवलंय, हे लक्षात ठेवा, नाहीतर तो मॅक यंत्रांच्या यादीत शोधत बसाल. मी बसलो होतो.

चिठ्ठी जोडली, पण स्विच रिले नाही. विनंती तो दुसऱ्या नेटवर्कात नेत नाही, नुसती पुढे ढकलतो, म्हणून जीआयअ‍ॅडरचा रकाना शून्यच राहतो. आणि राउटरच्या नजरेला हे विचित्र दिसतं. सरकारी कचेरीत अर्ज आला, त्यावर आवक क्रमांक टाकलेला आहे, पण कोणत्या कार्यालयाने टाकला त्याचा शिक्काच नाही. कारकुनाला वाटणार की अर्जदाराने क्रमांक घरीच लिहून आणला. आरएफसी ३०४६ नेमकं हेच सांगते: ज्या तारेवर विश्वास नाही तिच्यावरून ऑप्शन ८२ असलेली पण जीआयअ‍ॅडर शून्य असलेली विनंती आली तर ती टाकून द्यावी. फरक एवढाच की कारकून अर्ज निदान तोंडावर फेकतो, राउटर काही न बोलता केराच्या टोपलीत टाकतो.

म्हणजे स्विच नियमाने वागतोय, राउटरही नियमाने वागतोय, आणि मुलाला पत्ता मिळत नाहीये. त्याच आरएफसीत यावरची तोडही आहे. राउटरच्या खाली विश्वासातलं असं उपकरण असू शकतं जे चिठ्ठी जोडतं पण जीआयअ‍ॅडर भरत नाही. अशी तार विश्वासातली म्हणून नोंदवावी, मग रिले दुसरी चिठ्ठी न जोडता विनंती पुढे नेईल. कोणती तार विश्वासाची हे मात्र माणसाने सांगायचं असतं. मी सांगितलं नव्हतं.

हे प्रकरण हातातून वारंवार निसटतं त्याचं कारण वेगळंच आहे. चिठ्ठी जोडणं स्नूपिंगबरोबर आपोआप चालू होतं, आणि जे आपोआप चालू असतं ते कॉन्फिगरेशनमध्ये छापलं जात नाही. 'शो रनिंग-कॉन्फिग' कितीही वेळा वाचा, ऑप्शन ८२ चा उल्लेख सापडणार नाही. बंद केलं तरच 'नो आयपी डीएचसीपी स्नूपिंग इन्फर्मेशन ऑप्शन' अशी ओळ दिसते. पाहायचं असेल तर 'शो आयपी डीएचसीपी स्नूपिंग' द्या. तिथे 'इन्सर्शन ऑफ ऑप्शन ८२ इज एनेबल्ड' असं स्वच्छ लिहिलेलं असतं. मी तीन दिवस कॉन्फिगरेशन वाचत होतो, ही आज्ञा मला चौथ्या दिवशी सुचली.

आंतरजालावर सगळ्यात जास्त सांगितला जाणारा उपाय म्हणजे प्रत्येक स्विचवर ती 'नो' ओळ टाका. मीही टाकली. दोन मिनिटांत पत्ते सुरू. ही दुसरी दुरुस्ती. चिठ्ठीचा तुम्हाला काही उपयोग नसेल तर यात चूक नाही, पण ओळ प्रत्येक स्विचवर लागते आणि ती आठवणीवर अवलंबून असते. पावसाळ्यात वीज कमीजास्त झाली, दुसऱ्या मजल्याचा स्विच गेला. कपाटातला जादा स्विच काढला, माझ्याजवळच्या जुन्या साच्यातून कॉन्फिगरेशन भरलं, आणि साचा त्या 'नो' ओळीच्या आधीचा होता. पुन्हा १६९.२५४. दोन्ही स्विचची कॉन्फिगरेशनं शेजारी ठेवली असती तर फरक लगेच दिसला असता, पण मेलेल्या स्विचची प्रत कुणी काढून ठेवली होती?

म्हणून आता माझं मत असं की विनंती जिथे पडते तिथेच उपाय लावावा, म्हणजे राउटरवर. ज्या इंटरफेसवर वसतिगृहाचे स्विच येतात त्याच्यावर 'आयपी डीएचसीपी रिले इन्फर्मेशन ट्रस्टेड'. एकच ओळ, एकाच जागी. खाली स्विच कितीही बदलोत. सगळ्या इंटरफेसना एकदम लागू होणारी 'आयपी डीएचसीपी रिले इन्फर्मेशन ट्रस्ट-ऑल' अशीही आज्ञा आहे, पण ती मी टाळतो. विश्वास ठेवायचा तर कुणावर ते नाव घेऊन ठेवावा. कुणावर ठेवलाय ते 'शो आयपी डीएचसीपी रिले इन्फर्मेशन ट्रस्टेड-सोर्सेस' मध्ये दिसतं. आणखी एक आज्ञा दिसायला अशीच आहे, 'आयपी डीएचसीपी रिले इन्फर्मेशन चेक'. तिचा इथे काही संबंध नाही, ती सर्व्हरकडून परत येणाऱ्या उत्तरातली चिठ्ठी तपासते. काही जण ती बंद करून बघतात आणि काहीच बदललं नाही म्हणून गोंधळतात.

राउटरने विश्वास ठेवला तर एखादा उपद्व्यापी मुलगा स्वतःच खोटी चिठ्ठी जोडून पाठवेल का? पाठवू दे. खोलीच्या पोर्टातून आधीच ऑप्शन ८२ लावलेली विनंती आली तर स्नूपिंग असलेला स्विच ती तिथेच टाकून देतो. पहारा मजल्यावर आहे, म्हणून वर विश्वास ठेवता येतो. एखाद्या मजल्यावर बिनस्नूपिंगचा साधा स्विच असेल तर मात्र हा हिशेब चुकतो.

तो मजल्यावरचा पहारा एका ठिकाणी आपल्याच अंगावर येतो. आमच्या चौथ्या मजल्याला राउटरपासून थेट तार नाही. तो तिसऱ्या मजल्याच्या स्विचमधून जातो. राउटरवर ट्रस्टेड टाकल्यावर तीन मजले चालले, चौथा बंदच. कारण चौथ्या मजल्याचा स्विच चिठ्ठी जोडतो, आणि तिसऱ्याच्या दृष्टीने ती चिठ्ठी एका अविश्वासू पोर्टातून आलेली असते. इथे निदान लॉगमध्ये कळतं: 'नॉनझीरो जीआयअ‍ॅडर' असं लिहिलेली, अविश्वासू पोर्टावर जीआयअ‍ॅडर किंवा ऑप्शन ८२ आढळल्याची नोंद. तिच्या नावावर जाऊ नका. जीआयअ‍ॅडर शून्य असून नुसती चिठ्ठी असली तरी हीच नोंद पडते. उपाय दोन. तिसऱ्या मजल्यावर 'आयपी डीएचसीपी स्नूपिंग इन्फर्मेशन ऑप्शन अलाउ-अनट्रस्टेड' टाकायचं, किंवा चौथ्याकडे जाणारा तो एक पोर्ट ट्रस्ट करायचा. पहिली आज्ञा सबंध स्विचला लागू होते, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या खोल्यांतूनही चिठ्ठ्या चालायला लागतात. ज्या स्विचला थेट खोल्या जोडलेल्या आहेत तिथे ती वापरू नये, असं सिस्कोही बजावते. मी पोर्ट ट्रस्ट केला. चौथ्या मजल्यावर स्वतःचं स्नूपिंग आहे, तो आपल्या खोल्या सांभाळतो.

इतर कंपन्यांचे स्विच असतील तर हाच खेळ वेगळ्या नावांनी चालतो. एचपीच्या प्रोकर्व्ह घराण्यात स्नूपिंगबरोबर चिठ्ठी आपोआप चालू होते, आणि अविश्वासू पोर्टातली चिठ्ठी टाकायची, ठेवायची की बदलायची ते 'अनट्रस्टेड-पॉलिसी' ठरवते. मूळचं उत्तर टाकायची. मिक्रोटिकमध्ये उलट, ब्रिजवर चिठ्ठी मुद्दाम चालू करावी लागते. आणि सर्व्हर लिनक्सवरचा, आयएससी या संस्थेचा असेल, त्याच व्हीलॅनमध्ये थेट बसलेला, तर तो शून्य जीआयअ‍ॅडरबद्दल कुरकुर करत नाही. म्हणून 'दुसऱ्या इमारतीत हेच स्विच, हीच ओळ, तिथे कसं चालतं?' या प्रश्नाचं उत्तर बहुधा स्विचमध्ये नसतं, सर्व्हरमध्ये असतं.

चिठ्ठी वाहून आणायचीच तर ती वापरावीही, असं मग मला वाटू लागलं. कोणत्या खोलीने पत्ता घेतला हे पोर्टावरून कळतं, आणि उद्या कुणाचं यंत्र त्रास द्यायला लागलं तर मजलाभर हिंडावं लागत नाही. पहिल्याच प्रयोगात चिठ्ठीत पोर्ट पाच दिसलं म्हणून मी पाचव्या पोर्टाची केबल काढली, आणि भलत्याच मुलाची ऑनलाइन परीक्षा तोडली. अनेक कॅटॅलिस्टवर सर्किट आयडीतले पोर्ट क्रमांक तीनपासून सुरू होतात. पोर्ट ३ म्हणजे स्विचवरचा पहिला पोर्ट, तर पाच म्हणजे तिसरा. एक ओळखीचं यंत्र ठरावीक पोर्टाला लावून चिठ्ठीत काय येतं ते आधी पाहून घ्या.

यापुढचा खड्डा सर्व्हर दूर असून मध्ये खरा रिले असेल तेव्हाचा. पत्ता मिळतो, काही तास उत्तम चालतो, आणि मग अचानक जातो. नूतनीकरणाची विनंती लीजच्या अर्ध्या मुदतीला जाते, आणि ती ब्रॉडकास्ट नसून थेट सर्व्हरच्या नावे असते. रिले तिला हात लावत नाही, म्हणून चिठ्ठीही लागत नाही. सर्व्हरवर तुम्ही 'अमुक सर्किट आयडीला अमुक गटातला पत्ता' असा नियम केला असेल तर चिठ्ठीवाचून यंत्र गटात बसत नाही, आणि सर्व्हर नकार देतो. आयएससीच्या जुन्या सर्व्हरमध्ये 'स्टॅश-एजंट-ऑप्शन्स' आहे, पहिल्या वेळची चिठ्ठी लक्षात ठेवणारं, आणि ते मुळातच चालू असतं. त्याच संस्थेच्या किआ या नव्या सर्व्हरमध्ये ते आपणहून चालू नसतं, त्यामुळे जुन्यावरून नव्यावर जाताना नियम तेच ठेवूनही हा बिघाड उगवू शकतो. रिलेच्या बाजूने तोड हवी असेल तर ती २००८ च्या आरएफसी ५१०७ मध्ये आहे: चिठ्ठीतली अकरावी उपनोंद वापरून रिले यंत्राला स्वतःचाच पत्ता सर्व्हरचा म्हणून सांगतो, मग नूतनीकरणही त्याच्याच हातून जातं.

कपाटातल्या जादा स्विचवर आता मी एक कागद चिकटवलाय. त्यावर तीन गोष्टी लिहिल्यात: अपलिंक ट्रस्ट, 'शो आयपी डीएचसीपी स्नूपिंग' मधली ऑप्शन ८२ ची ओळ, आणि ज्या यंत्राने इथे कधी पत्ता घेतलेला नाही त्याच्यावर चाचणी. त्या चाचणीसाठी रेक्टर सरांच्या कपाटात एक जुना लॅपटॉप ठेवलाय, आणि तो नेटला लावून सिनेमे पाहायचे नाहीत असं त्यांना दोनदा सांगून झालंय.